लोणारचे गुलाबी पाणी : दृक्‌संवेदना, मेंदू आणि रंगवाचक शब्द

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील विवरात साठलेले पाणी जून २०२० मध्ये गुलाबी दिसू लागले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्काघाताने बेसाल्टच्या खडकात निर्माण झाले असून त्यातील पाणी खारे व अतिशय अल्कधर्मी आहे. नीलहरित सूक्ष्मजीवांच्या दाट वाढीमुळे ते एरवी हिरवट दिसते. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रकरणात लक्ष घातले. अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा पालट झाल्याचे तपासणीत आढळून आले. पुढे हा रंग ओसरला.

कारण कळले तरी एक प्रश्न राहिला, आणि तो प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. असा पालट पूर्वी कधी झाला होता काय? या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरच अवलंबून राहते. एखाद्याने ‘पूर्वीही पाणी तांबूस होत असे’ असे सांगितले, तर त्याचा ‘तांबूस’ आणि वृत्तपत्रांतील ‘गुलाबी’ हे एकाच दृश्याचे दोन शब्द मानावयाचे, की दोन भिन्न दृश्ये? सरोवराचा इतिहास अशा रीतीने रंगवाचक विशेषणांवर येऊन ठेपतो. म्हणून प्रकाशाचा उद्दीप मेंदूपर्यंत कसा पोहोचतो आणि त्या प्रवासात शब्दाचा प्रवेश नेमका कोठे होतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गुलाबी नावाचा कोणताही किरण निसर्गात नाही. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात तांबडा आहे, हिरवा आहे, गुलाबी नाही. हॅलोआर्कियाचे रंगद्रव्य निळ्या-हिरव्या भागातील प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि उरलेला संमिश्र प्रकाश डोळ्यांकडे येतो. दृष्टिपटलावर सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. रंगाचे काम मुख्यतः शंकुपेशींचे. त्यांचे तीन प्रकार असून त्यांची सर्वाधिक संवेदनक्षमता अनुक्रमे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर या तरंगलांबींच्या आसपास आढळते. शेवटच्या दोन प्रकारांत अंतर किती थोडे आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकट्या शंकुपेशीला रंग कळत नाही. मंद पण अनुकूल तरंगलांबीचा प्रकाश आणि प्रखर पण प्रतिकूल तरंगलांबीचा प्रकाश यांना ती सारखाच प्रतिसाद देऊ शकते. रंगाची वार्ता निर्माण होते ती तुलनेतून. दृष्टिपटलातच पुढच्या थरातील पेशी एका प्रकारच्या शंकूंच्या प्रतिसादातून दुसऱ्या प्रकाराचा प्रतिसाद जणू वजा करतात. तांबडा विरुद्ध हिरवा आणि पिवळा विरुद्ध निळा असे दोन तराजू तेथे उभे राहतात. अंधार-उजेडाचा तिसरा तराजू निराळा. इतक्या कोट्यवधी पेशींचे निवेदन सुमारे १० लाख तंतूंच्या दृक्‌चेतेतून पुढे जाते. अर्थात मेंदूकडे दृश्य जात नाही. त्याचा संक्षेप जातो.

हा संक्षेप थॅलॅमसमधील टप्पा ओलांडून मेंदूच्या पश्चकपालखंडातील प्राथमिक दृक्‌क्षेत्रात पोहोचतो आणि तेथून पुढील क्षेत्रांत वाटला जातो. या वाटणीचा पुरावा प्रथम रुग्णांनी दिला. पश्चकपालखंडाच्या खालच्या बाजूस इजा झाली असता काही व्यक्तींना आकार स्पष्ट दिसतात, अक्षरे वाचता येतात, पण सारे जग करड्या छटांचे होऊन जाते. त्यांच्या शंकुपेशी शाबूत असतात. सेमिर झेकी यांनी माकडांच्या मेंदूवर केलेल्या कामामुळे ज्या क्षेत्राला ‘चौथे दृक्‌क्षेत्र’ ही ओळख मिळाली, त्याचा मानवातील प्रतिरूप भाग याच परिसरात आहे. तथापि या क्षेत्राला ‘रंगकेंद्र’ म्हणून मोकळे होणे घाईचे होईल. रंगाचे काम त्याच्या आधीच्या क्षेत्रांतही चालते, आणि त्या क्षेत्राकडे रंगाखेरीज अन्य कामेही आहेत.

या टप्प्यावर रंग हा शेजारावर ठरतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातील रंगखात्याचे प्रमुख मिशेल शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका पडत असल्याची तक्रार आली. तपासांती धागा निर्दोष ठरला. दोष त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांचा होता. १८३९ मध्ये त्यांनी या निरीक्षणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे एडविन लँड यांनी रंगीत तुकड्यांच्या फलकावर प्रकाश बदलून दाखविले की, डोळ्यांत येणाऱ्या किरणांचे प्रमाण पालटले तरी मेंदू सभोवतालच्या तुकड्यांशी तुलना करून रंग बहुधा कायम राखतो. लोणारच्या विवराच्या कडांवर झाडी आहे. हिरव्या वेढ्यातील फिका तांबडा अधिकच तांबडा भासतो. तेच पाणी काचपात्रात घेऊन पांढऱ्या कागदापुढे धरल्यास पाहणाऱ्याचा निर्वाळा बदलू शकेल. यात कोणीही खोटे बोलत नसते.

आता शब्दाकडे वळता येईल. बर्लिन आणि के यांनी १९६९ मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषांतील मूलभूत रंगशब्दांची संख्या ठराविक क्रमाने वाढते आणि गुलाबीसारखे शब्द त्या क्रमात अगदी शेवटी येतात. मराठीत याची साक्ष पटण्यासारखी आहे. काळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा ही घरची नावे. ‘जांभळा’ फळावरून, ‘तपकिरी’ तपकिरीवरून, आणि ‘गुलाबी’ तर फारसीतून आलेल्या गुलाबावरून. परंतु मराठीची खरी संपत्ती या यादीत नसून तिच्या प्रत्ययांत आहे. लालसर, तांबूस, हिरवट, पिवळसर, निळसर, काळपट, पांढुरका : हे शब्द नवी कोठी उघडत नाहीत, जुन्याच कोठीच्या उंबरठ्यावर रंगाला उभे करतात. ‘तांबूस’ म्हणणारा पाण्याला तांबड्याच्या मापाने मोजतो. ‘गुलाबी’ म्हणणारा त्याला स्वतंत्र घर देतो.

हा भेद जिभेपुरता की मेंदूपर्यंत पोहोचणारा? रशियन भाषेत फिक्या व गडद निळ्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत. विनावर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविले की, या सीमेच्या दोन बाजूंच्या छटा रशियन भाषक एकाच बाजूच्या छटांपेक्षा अधिक त्वरेने वेगळ्या ओळखतात; मनातल्या मनात अंक घोकावयास लावले की हा लाभ नाहीसा होतो. म्हणजे तो डोळ्यांचा नव्हता, शब्दाचा होता. ग्रीक भाषेतही निळ्याचे असेच दोन भाग आहेत. थिएरी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मस्तिष्क-विद्युत्‌लेखनाने पाहिले की, ग्रीक भाषकांचे लक्ष रंगाकडे नसून आकाराकडे असतानाही निळ्या छटांतील बदलाला त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद हिरव्या छटांतील बदलापेक्षा मोठा होता, आणि तोही सुमारे पंचमांश सेकंदात. इंग्रजी भाषकांत हा फरक आढळला नाही.

या विषयातील सर्वच निष्कर्ष इतके टिकाऊ ठरले नाहीत. शब्दाचा प्रभाव केवळ उजव्या दृष्टिक्षेत्रात, म्हणजे भाषाप्रधान डाव्या गोलार्धाकडे जाणाऱ्या उद्दीपांवर, पडतो हा २००६ मधील गाजलेला निष्कर्ष पुढील काही प्रयोगांत पुन्हा मिळाला नाही. अशा विधानांवर पाठ्यपुस्तकी विश्वास ठेवणारे विद्यार्थी विभागोविभागी आढळतात. त्यांनी मूळ निबंधांबरोबर नंतरचे निबंधही वाचावेत.

ब्रौवर आणि हीगर यांचा २०१३ मधील प्रयोग या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाने त्यांनी दृक्‌क्षेत्रांतील प्रतिसादांचे आकृतिबंध टिपले. पाहणाऱ्याला रंगाचे नाव निश्चित करावयास सांगितले असता चौथ्या दृक्‌क्षेत्रात व त्याच्या पुढील एका क्षेत्रात एकाच नावाच्या छटांचे आकृतिबंध परस्परांच्या जवळ सरकले. तेच रंग दाखवून लक्ष अन्य कामात गुंतविले असता ही जवळीक दिसली नाही. प्राथमिक दृक्‌क्षेत्रातही ती नव्हती. शब्द डोळ्यांत शिरत नाही. पण नाव शोधण्याचे काम चालू असताना दृक्‌व्यवस्थेचा वरचा मजला कोठ्यांच्या हिशेबाने वागू लागतो, असा याचा अर्थ लावता येतो.

लोणारच्या साक्षीपुराव्याला हे थेट लागू पडते. ‘पाणी गुलाबी झाले होते काय?’ असे विचारणारा प्रश्न कोठी आधीच उघडून ठेवतो आणि स्मरणातील रंगाला तीत ढकलतो. क्षेत्रीय भाषाभ्यासात यापुढे अशी नोंद करावयाची झाल्यास निवेदकापुढे प्रथम मन्सेल पद्धतीच्या रंगपट्ट्या ठेवाव्यात, पट्टी निवडून झाल्यावरच शब्द विचारावा, आणि तो शब्द प्रत्ययासह जसाच्या तसा लिहावा. ‘लालसर’चे ‘लाल’ करू नये. निवेदक विवराच्या काठावर उभा होता की पाण्यालगत, सकाळ होती की दुपार, हेही त्याच ओळीत नोंदवावे.