मागे बर्फ, पुढे वादळ

शिडाच्या होडीची डोलकाठी आडवी दिसली की काहीतरी बिनसलंय असंच वाटतं. सिराक्यूजला लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा सप्टेंबर संपता संपता कालव्याकाठी अशा होड्या दिसायला लागल्या. डोलकाठी उतरवून डेकवर बांधलेली, दोन्ही टोकांनी होडीबाहेर आलेली, टोकाला लाल फडकं आणि खाली गुरगुरणारं छोटं डिझेल इंजिन. सुकाणूपाशी बहुधा साठी ओलांडलेलं जोडपं, कानटोप्या घालून. एक गेली की तासाभराने दुसरी, सगळ्या एकाच दिशेला. जावयाला विचारलं तर म्हणाला, "फ्लोरिडाला चाललेत. दरवर्षी जातात." काठावरून सायकलने जाणारी शाळकरी पोरं त्या होड्यांना मागे टाकत होती. या वेगाने फ्लोरिडा?

या होड्या येतात कुठून ते पाहायला ओस्वेगोला गेले. आँटेरिओ सरोवराच्या दक्षिण काठावरचं हे गाव, पलीकडे कॅनडा. सरोवर २४४ मीटर खोल आहे, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते सहसा पूर्ण गोठत नाही. आणि गोठत नाही हीच पंचाईत. उत्तरेचा कोरडा, गार वारा त्या उघड्या पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठावर बर्फ करून टाकतो. फेब्रुवारी २००७ मध्ये याच ओस्वेगो कौंटीतल्या रेडफील्ड गावात दहाएक दिवसांत १४१ इंच बर्फ पडला. पावणेबारा फूट! जे पाणी उन्हाळाभर होड्या खेळवतं, तेच हिवाळ्यात घराची दारं बुजवतं. इथे होडीचा मोसम मे ते ऑक्टोबर. मग होड्या क्रेनने बाहेर काढायच्या, नळांत गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, वरून प्लास्टिक ताणून बांधायचं आणि सहा महिने नकाशे चाळत बसायचं. बहुतेक जण हेच करतात. ज्यांना ते सोसत नाही, ते डोलकाठी उतरवतात.

धक्क्यावर मला भेटले ते सरोवरापलीकडच्या किंग्स्टनहून आलेले एक निवृत्त शास्त्रशिक्षक आणि त्यांची निवृत्त नर्स पत्नी. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर आणि सिस्टर म्हणायला लागले. होडी अल्बर्ग ३० जातीची, १९६७ साली आँटेरिओतल्याच व्हिटबीला बांधलेली. तीस फूट लांब, पावणेनऊ फूट रुंद. जुन्या मोटारीच्या किमतीत मिळते, असं मास्तर म्हणाले, आणि 'यॉट' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे अब्जाधीश आले होते ते तिथेच मावळले. आत गेलं की दोन पावलांत स्वयंपाकघर संपतं. डिझेल, ओलसर गाद्या आणि कॉफी, असा मिळून एक वास. सहा महिने या वासात काढायचे!

क्रेनची वेळ येईपर्यंत मास्तरांनी डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा सैल करायला घेतल्या. प्रत्येक तारेच्या खाली एक टर्नबकल, त्यात कॉटर पिन. पक्कडीने पिन सरळ करून ओढायची, टर्नबकल उलटं फिरवायचं आणि किती आटे उघडे राहिले तिथे टेपची खूण करायची, म्हणजे परत उभी करताना ताण तेवढाच येतो. आट्यांना ते लॅनोलिन लावत होते, मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. डबी उघडली आणि अमेरिकेतल्या त्या धक्क्यावर पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास आला. मी दोनदा वाकून घेतला. मास्तरांना काय वाटलं असेल, देव जाणे.

मग क्रेनचा पट्टा आवळला, तारा सुटल्या आणि डोलकाठी हातभर वर उचलली गेली. ती जिथे टेकली होती त्या पितळी चकतीवर एक नाणं होतं. डोलकाठीच्या बुडाखाली नाणं ठेवायची दर्यावर्दी लोकांची जुनी रीत आहे. सिस्टरनी ते अंगठ्याने पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. कॅनडाचं १९६७चं दहा सेंटचं नाणं, आणि त्यावर चक्क मासा! कॅनडाने त्या वर्षी शताब्दीनिमित्त नाण्यांवर प्राणी-पक्षी छापले होते, दहा सेंटवर मॅकरल. म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. बांगडा ओळखू येणार नाही अशी मी कोकणातली नव्हेच. मास्तर इंजिन, पूल, हवामान यांबद्दल पुढे पुष्कळ बोलले, ते मी लिहूनही घेतलं. पण माझं अर्धं लक्ष त्या नाण्याकडे होतं. ते काळं पडलं होतं, फक्त माशाच्या पाठीची रेघ चकाकत होती.

डोलकाठी उतरवायचं कारण साधं आहे. या कालव्यावरचे पूल जागचे हलत नाहीत, आणि पाण्यापासून त्यांची उंची जेमतेम वीस-एकवीस फूट. पुढे हडसन नदीत उतरलं की तिथल्या एखाद्या गोदीत ती पुन्हा उभी करायची. मधे ३० लॉक. लॉक म्हणजे दोन प्रचंड दरवाजांमधली पाण्याची खोली. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी चढवायचं किंवा उतरवायचं. गंमत अशी की समुद्राकडे निघालेली होडी आधी डोंगर चढते. सरोवराचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे २४५ फुटांवर, आणि कालव्याचा माथा रोम गावापाशी ४२० फुटांवर. तिथून मग उतार. लिटल फॉल्सचा एकच लॉक होडीला चाळीस फूट खाली सोडतो. भिंतीवरून दोर लोंबत असतात, ते हातात धरायचे, होडीला बांधायचे नाहीत. उतरत्या पाण्यात दोर बांधलेला राहिला तर होडी भिंतीला लटकते. ओस्वेगोतला लॉक चढताना सिस्टर पुढचा दोर धरून उभ्या होत्या. शेवाळाने हिरवा झालेला दोर, हातात रबरी मोजे, नजर डोलकाठीच्या बाहेर आलेल्या टोकावर. ते टोक भिंतीला घासलं की संपलं. मास्तर सुकाणूवरून सूचना देत होते, त्यातली एकही त्यांनी ऐकली नाही, आणि होडी व्यवस्थित चढली.

बेत आखतात त्याही सिस्टरच. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आकडा होता : २१२. मला वाटलं मैल असतील. नाही, दिवस. आँटेरिओची सरकारी आरोग्य विमा योजना सांगते की बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहा. उरले २१२. जास्त झाले तर मोफत दवाखाना जायचा, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला तो जाऊन चालत नाही. नर्सला तर नाहीच नाही.

त्या २१२ दिवसांत काय काय बसवायचं? कालवा ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. मोहॉक नदीवरच्या बंधाऱ्यांच्या झडपा उचलतात आणि पाणीच उतरतं. म्हणून उशीर करायचा नाही. पण घाईही करायची नाही, कारण अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि होडीच्या विम्याची अट अशी की १ नोव्हेंबरच्या आत दक्षिणेला अमुक रेषेखाली जायचं नाही. मागे बर्फ, पुढे वादळ, आणि मधून यांचा वेग पाच नॉट, ताशी सव्वानऊ किलोमीटर. आठ तास चाललं तर दिवसाला चाळीस सागरी मैल. नॉरफोकपासून मायामीपर्यंत किनाऱ्याच्या आतून खाड्या, नद्या, कालवे जोडून केलेला जलमार्ग आहे, सुमारे १,०९० मैल (हे साधे मैल, सागरी नव्हेत). एकही दिवस न थांबता २४ दिवस. थांबावं तर लागतंच, म्हणजे डिसेंबर. मायामीहून बहामाकडे जाताना मधे गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह आडवा येतो. तो उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे उत्तरेचा वारा समोरून भिडला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. वारा फिरेपर्यंत बसून राहायचं. किती? दोन दिवस, दोन आठवडे. वहीत या रकान्यात नुसती काट होती.

हे ऐकल्यावर 'थंडीपासून सुटका' हा शब्दप्रयोग मला जरा जडच वाटायला लागला. जानेवारीत हे जोडपं बहुधा जॉर्ज टाउनला असेल. बहामातल्या ग्रेट एक्झुमा बेटावरचं हे बंदर, थट्टेने याला चिकन हार्बर म्हणतात, कारण पुढे कॅरिबियनला जायच्या बाता मारत आलेले पुष्कळ जण इथूनच मागे फिरतात. सिस्टरनी आधीच सांगून टाकलं, आम्ही तिथपर्यंतच. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

खरी अडचण परतीची. २० सप्टेंबरला निघालेल्यांचे २१२ दिवस २० एप्रिलला भरतात. कालवा उघडतो मे महिन्यात. म्हणजे माणसं वेळेवर घरी पोचू शकतात, होडी नाही. यांनी त्यावर तोडगा काढला आहे : होडी जॉर्जियातल्या एका यार्डात जमिनीवर ठेवायची, आपण विमानाने परतायचं आणि पुढच्या हिवाळ्यात तिथूनच निघायचं. ऐकायला झकास, पण मग आँटेरिओ सरोवरातला उन्हाळा गेला की! वर्षानुवर्षं ज्या लख्ख दिवसांसाठी ही होडी राखली, त्या दिवसांत ती हजार मैलांवर उन्हात तापत पडणार आणि हे दोघे किनाऱ्यावरून दुसऱ्यांची शिडं मोजणार. मास्तरांना तसं विचारलं. ते म्हणाले, उन्हाळा दरवर्षी येतो. सिस्टर म्हणाल्या, हिवाळाही. त्यांच्यात हा विषय मिटलेला नसावा.

माझं मत विचाराल तर हा सौदा महाग आहे. एवढा हिशेब, एवढी ओल, एवढी धास्ती, आणि बदल्यात तीन-चार महिन्यांचं ऊन. पण पावणेबारा फूट बर्फ मी पाहिलेला नाही, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात मुलांकडे त्या बाजूला गेलात, तर पानांचे रंग दाखवायला ते नेतीलच. त्यातला अर्धा दिवस ओस्वेगोसाठी मागून घ्या. लॉक गावातच आहेत आणि काठावर उभं राहून पाहता येतं. फक्त ऑक्टोबरच्या मध्याच्या आत जा.