नागाचें विष आणि चिमूटभर तपकीर

पावसाळा लागला कीं पवईच्या डोंगरउतारावरील वसाहतींतून दरवर्षीं एक हांक ऐकूं येते : "नाग निघाला !" एकीकडे तलाव, पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचें रान आणि मध्यें मजल्यांवर मजले चढलेले. बिळांत पाणी शिरल्यावर त्या जनावरानें जावें तरी कोठें ? अशाच एका सायंकाळीं सर्पमित्र नागाला पिशवींत घालून घेऊन गेला. शेजारचे अण्णा तपकिरीची चिमूट नाकाशीं नेत मला म्हणाले, "मास्तर, विषाचा एवढासा थेंब धडधाकट माणसाला मारतो तरी कसा ?" प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांच्या चिमटींतच होतें.

आपण हात उचलूं पाहतों तेव्हां मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून विजेच्या लहरीसारखी स्नायूकडे धांवते. परंतु तंतूचें टोंक व स्नायू यांमध्यें एक अतिसूक्ष्म फट असते. ती त्या लहरीस ओलांडतां येत नाहीं. म्हणून तंतूच्या टोंकांतून ॲसेटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें. त्याची वाट पाहत स्नायूच्या पृष्ठभागावर प्रथिनांचीं चिमुकलीं द्वारें असतात. त्यांस 'ग्राही' म्हणतात. ग्रह् म्हणजे घेणें, या धातूपासून हा शब्द साधला आहे. पांच प्रथिनें वर्तुळांत उभीं राहून मध्यें एक वाट ठेवतात. ॲसेटिलकोलीनचे दोन रेणू ठरल्या जागीं बसले कीं दार उघडतें, सोडियमचे कण आंत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच एक विकर त्या द्रव्याचे तुकडे करून टाकतें व दार मिटतें. हा सारा व्यवहार डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं आटोपलेला असतो.

या द्वारांस 'निकोटिनी ग्राही' हें नांव तंबाखूमुळें मिळालें. १९०५ मध्यें केंब्रिजच्या लँग्ली यांनीं निकोटिनाचे प्रयोग करतां करतां स्नायूंत असें कांहीं ग्रहण करणारें द्रव्य असलें पाहिजे असें अनुमान बांधलें. पुढें १९१४ मध्यें हेन्री डेल यांनीं दाखविलें कीं, ॲसेटिलकोलीनचीं कांहीं कार्यें हुबेहूब निकोटिनासारखीं आहेत. तंबाखूंतील हें द्रव्य शरीराच्या स्वतःच्या किल्लीची नक्कलच होय. याच घराण्यांतील ग्राही मेंदूंतही असतात. तेथें निकोटीन पोंचलें कीं सुखाची भावना देणारें डोपामीन पाझरतें. रोज रोज हें घडल्यावर मेंदू त्या ग्राहींची संख्याच वाढवितो, आणि एक दिवस तपकीर चुकली तर मनुष्य विनाकारण चिडतो. सोंवळ्याच्या घरांतही 'दांतांसाठीं' म्हणून मिशरी लावली जाते. तिच्यांतही तेंच निकोटीन असतें. नांव दंतमंजनाचें दिलें म्हणून द्रव्याचा गुण पालटत नाहीं.

आतां नागाकडे वळूं. त्याच्या विषांतील एक प्रथिन स्नायूच्या याच ग्राहींवर जाऊन बसतें. पण दार उघडीत नाहीं. कुलुपांत मोडून अडकलेल्या किल्लीसारखी ती गत होते. खरी किल्ली येते, पण तिला शिरायला जागाच नसते. प्रथम पापण्या जड होऊन मिटूं लागतात, एकाचे दोन दिसतात, जीभ अडखळते, घांस उतरत नाहीं; शेवटीं श्वासाचे स्नायू थकतात. येथेंच आप्तांची फसगत होते. रोगी निजला, किंवा संपलाच, असें वाटतें. वस्तुतः पुष्कळदां तो शुद्धीवर असून भोंवतालचें रडणें ऐकत असतो. केवळ पापणी उचलण्याची शक्ति त्याच्यांत उरलेली नसते. विषानें आज्ञा देणाऱ्यास नव्हे, आज्ञा ऐकणाऱ्यास बधिर केलेलें असतें.

मुंगूस एक मुळी चावून विष उतरवितें, अशी आपल्याकडे समजूत आहे. १९९२ मध्यें इस्रायलमधील संशोधकांस आढळलें कीं, मुंगसाच्या ग्राहीची घडणच किंचित् निराळी असते, त्यामुळें नागाची खोटी किल्ली तींत नीट बसत नाहीं. औषध मुळींत नव्हतें, कुलुपांत होतें.

मनुष्याचें कुलूप तसें नाहीं. पण त्याला उपाय आहे. घोड्यांस विषाच्या अल्प मात्रा टोंचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष करतात; परळच्या हाफकिन संस्थेचें नांव या कामीं महाराष्ट्रास परिचित आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही विषांवर तें चालतें. मात्र तें रक्तांतील मोकळ्या विषास निकामी करतें. ग्राहीवर घट्ट बसलेलें विष सोडविणें त्यास कठीण जातें. म्हणून मांत्रिकाच्या दारीं घालविलेली घटका फार महाग पडते. नागदंशांत डॉक्टर निओस्टिग्मीन हें औषधही ॲट्रोपीनसह देतात. त्यानें वर सांगितलेल्या विकरास आवर बसतो, खऱ्या किल्ल्यांची गर्दी वाढते व दारें पुन्हां उघडूं लागतात. मण्यारीचें विष मुख्यतः तंतूच्या टोंकावरच घाव घालून द्रव्य सुटूंच देत नाहीं; तेथें या औषधाचा भरंवसा कमी. परंतु दोन्ही प्रकारांत यंत्रानें श्वास चालू ठेवला तर मिटलेल्या पापण्यांचा मनुष्य पूर्ण बरा होऊन घरीं येऊं शकतो.

तेव्हां सर्पदंश झाल्यास घट्ट आवळपट्टी बांधूं नये, जखम कापूं वा चोखूं नये, रोग्यास चालवूं नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व मोठें रुग्णालय गांठावें. वाटेंत पापण्या मिटल्या तरी आशा सोडूं नये. श्वास थांबतांना दिसला तर तोंडानें फुंकून तो चालू ठेवावा, आणि रोग्याशीं धीराचे दोन शब्द बोलत राहावें. तो ऐकत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

अण्णांनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. तपकिरीची डबी मिटून खिशांत घातली, आणि घटकाभरानें पुन्हां काढली. मीं कांहीं बोललों नाहीं. कुलूप कोणतें तें आतां त्यांना ठाऊक होतें.