धापा, घोळ की विषखापरा? मांसल पानांच्या वनस्पतींची ओळख

धाराशिव जिल्ह्यात भारी काळ्या जमिनीला पाणी जास्त झाले आणि निचरा नसला, की उन्हाळ्यात क्षार वर येऊन पांढरा थर दिसतो. अशा शेतात जाड, रसाळ पानांची पसरणारी वनस्पती दिसली, तर ती समुद्रकाठचा ‘धापा’ समजून क्षार शोषण्यासाठी वाढू दिली जाऊ शकते. त्याआधी ओळख पक्की करावी.

ओळख कशी करावी?

- धापा (सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम): कोकणातील खाडीकाठी, खाजणात वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. पाने समोरासमोर, लांबट, चव खारट. पेरांना मुळे फुटतात. फूल गुलाबी, आखूड देठावर, पानाच्या बगलेत एकेकटे येते.
- घोळ: आपल्याकडील नेहमीची रानभाजी. पाने चपटी, टोकाला रुंद. फूल पिवळे, बिनदेठाचे.
- विषखापरा: खरिपातील तण. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक मोठे, एक लहान. फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी, पानाच्या देठाच्या बुडाशी दडलेले.

धापा ही मुख्यतः किनारपट्टीची वनस्पती आहे. त्यामुळे आपल्या शेतात दिसणारी वनस्पती बहुधा घोळ किंवा विषखापरा असते. या दोन्ही चांगल्या जमिनीतही वाढतात. म्हणून त्यांच्यावरून जमीन खारवट आहे की नाही, हे ठरवू नये.

धापा लावून जमीन सुधारेल का?

धापा सोडियम पानांत साठवतो. मात्र वाढ कापून शेताबाहेर न नेल्यास क्षार पुन्हा जमिनीतच मिसळतात. निचरा नसेल तर खालचे क्षार वर येतच राहतात.

काय करावे?

- पांढरा थर असलेल्या आणि चांगल्या भागातून २० सें.मी. खोलीपर्यंतचे नमुने वेगवेगळे घ्यावेत. केवळ वरचा थर खरवडून नमुना देऊ नये. विहीर किंवा बोअरचे पाणीही तपासावे.
- क्षारता ४ डेसीसायमनपेक्षा जास्त आणि सामू ८.५ पेक्षा कमी असल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. चर काढून निचरा करावा व चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. येथे जिप्समचा उपयोग होत नाही.
- सामू ८.५ पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास जमीन चोपण असते. जिप्सम अहवालातील गरजेनुसारच, निचऱ्याची सोय करून द्यावे.

माती तपासणी व सल्ल्यासाठी तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.