यकृताचा विकार आणि हृदयाची लय

दीर्घकालीन विकाराने यकृत आकसून कठीण झाले (सिरोसिस), म्हणजे त्याची झळ हृदयालाही पोहोचते. ठोक्याच्या विद्युत्प्रेरणेपासून हृदयस्नायू पूर्ववत सज्ज होईपर्यंतचा जो अवधी ईसीजीच्या पट्टीवर ‘क्यूटी’ म्हणून मोजतात, तो सिरोसिसच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ४४० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडतो. रुग्णास बहुधा याची जाणीवही नसते, हीच चिंतेची बाब. जलोदरावरील मूत्रल औषधांनी पोटॅशियम घटले, किंवा हिवतापावरील क्लोरोक्विन किंवा प्रतिजैविक एरिथ्रोमायसिन यांसारखी औषधे पोटात गेली, तर हा अवधी आणखी लांबून हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात तापावरील इलाजासाठी येणाऱ्या यकृतरुग्णाने आपल्या जुन्या विकाराची हकीकत डॉक्टरांस आधीच सांगावी, चालू औषधे दाखवावीत आणि ईसीजीविषयी अवश्य विचारावे.