प्रसूतिगृह निवडण्यापूर्वी

गेल्या महिन्यात चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेला एक तरुण पत्नीला घेऊन माझ्या मोशीच्या दवाखान्यात आला. गाव लातूरकडचे, पत्नीला सातवा महिना, पहिलेच बाळंतपण. माहेरी न जाता बाळंतपण इथेच करायचे दोघांनी ठरवले होते. "डॉक्टरसाहेब, चांगलं हॉस्पिटल कोणतं तेवढं सांगा," एवढाच त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो. पूर्वी मी त्याचे उत्तर एका नावात देत असे. अशाच एका मुलीला मी ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवले होते. माणूस सज्जन, हाताला गुण. तेवढ्यावर माझा भरवसा. बाळंतपण नीट झाले, पण वार पडल्यावर रक्तस्राव थांबेना. वेळ रात्री दोनची. तेथे रक्ताची सोय नव्हती आणि भूलतज्ज्ञ लांब राहत होते. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. म्हणजे अशा वेळी मिनिटांचा हिशेब असतो. तिला दुसरीकडे हलवावे लागले. मुलगी वाचली, पण गर्भाशय काढावे लागले. रात्री तेथे काय सोय असते, हे मी कधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी नाव सांगण्याआधी प्रश्न सांगतो.

पहिला प्रश्न सोयींचा. रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? रक्त कोणत्या रक्तपेढीतून येते आणि किती वेळ लागतो? परिस्थिती बिघडली तर कोठे हलवता? वातानुकूलित खोली दिसते, म्हणून आपण तिची चौकशी करतो. जीव वाचवणाऱ्या गोष्टी दिसत नाहीत, म्हणून त्या विचाराव्या लागतात.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. गेल्या वर्षी येथे किती बाळंतपणे झाली आणि त्यांत सिझेरियन किती? 2017 मध्ये मुंबईच्या एका महिलेने रुग्णालयांनी हे प्रमाण जाहीर करावे, अशी मागणी इंटरनेटवर केली. तिला लाखाहून अधिक लोकांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी सीजीएचएस या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयांना हे आकडे दर्शनी भागात लावण्याचा आदेश निघाला. या मागणीला आधार होता. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सरकारी रुग्णालयांत शंभरपैकी सुमारे 14, तर खासगी रुग्णालयांत सुमारे 47 बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. एवढा मोठा फरक केवळ अडलेल्या बाळंतपणांमुळे पडत नाही.

पण वाचकहो, आकडा वाचायलाही शिकावे लागते. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी आजूबाजूच्या अवघड केसेस पाठवल्या जातात. तेथे सिझेरियन जास्त दिसले, तर तो दोष मानू नये. उलट एखाद्या लहान प्रसूतिगृहात महिन्याला चारच बाळंतपणे होत असतील आणि दोन सिझेरियन झाली, तर प्रमाण लगेच निम्मे दिसते. म्हणून वर्षाचा आकडा विचारावा. शक्य झाल्यास पुढचेही विचारावे: पहिलटकरीण, पूर्ण दिवस भरलेले, बाळाचे डोके खाली, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा बायकांत सिझेरियन किती? येथे तुलना सारख्याशी सारख्याची होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 पासून शिफारस केलेल्या रॉबसन वर्गीकरणाचे सूत्र हेच आहे. आणि हेही ध्यानात ठेवावे, की गरजेचे सिझेरियन आई-बाळाचा जीव वाचवते. आकडा पाहून ऐनवेळी डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. आकडे निवड करताना पाहायचे, कळा सुरू झाल्यावर नव्हे.

तिसरा प्रश्न कागदांचा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील प्रमाणपत्र असायलाच हवे. 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही दर्शनी भागात लावायचे असते. एनएबीएचचे मानांकन, किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेचे 16 निकषांवर दिले जाणारे 'मान्यता' प्रमाणपत्र असेल तर उत्तम. कामाची पद्धत बाहेरच्या कोणीतरी तपासली आहे, एवढे त्यातून कळते. त्या रात्री कोण हजर असेल, हे मात्र प्रमाणपत्र सांगत नाही.

शेवटचा प्रश्न मला, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरला विचारायचा: "तुम्ही हेच नाव का सांगता?" पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्यास वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. तरीही 'कट'ची प्रथा आहे, हे आमच्या व्यवसायातील कोणीही नाकारणार नाही. 2017 मध्ये राज्य सरकारला त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमावी लागली होती. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. राग आला, तर तेही एक उत्तरच समजा.

परवा तो तरुण पुन्हा आला. दोन ठिकाणी चौकशी करून आला होता. एका ठिकाणी त्याला "तुम्ही डॉक्टर आहात का?" असे ऐकावे लागले. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरने रजिस्टर काढून वर्षाचे आकडे सांगितले. त्यांचे सिझेरियनचे प्रमाण अगदी कमी नव्हते. पण रक्ताची आणि भूलतज्ज्ञाची सोय त्यांनी नीट समजावून दिली. पत्नीचे नाव तो तेथेच नोंदवून आला. आता आठवा महिना सुरू आहे. आपल्याही घरी कोणी गरोदर असेल, तर ही चौकशी सातव्या महिन्यातच उरकून घ्या. रात्री दोन वाजता विचारायला कोणालाच वेळ नसतो.