कावळा बसला आणि फांदी मोडली!

मुलांनो, घरात टॉर्चचा सेल असेल तर हातात घ्या पाहू. त्यावर १.५ व्होल्ट असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसेल. एवढ्याशा सेलने तुम्हांला झटका बसतो का? मुळीच नाही. पण तेवढासुद्धा जोर अंगात नसलेला एक इलेक्ट्रॉन आपल्या शरीरात असणाऱ्या एका रेणूचा तुकडा पाडू शकतो. खोटं वाटतं ना?

हा विषय निघाला सातवीच्या एका मुलीमुळे. आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं कर्करोगाच्या उपचारांसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात. तिच्या आजीला तिथे 'शेक' चालू होता. मुलगी म्हणाली, "बाई, शेक देतात म्हणे, पण आजीला गरम काहीच लागत नाही. मग गाठ जळते कशी?" खरं सांगते, मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुस्तकं उघडावी लागली.

एका दिवसाच्या शेकाने शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही! म्हणजे 'शेक' हा शब्दच फसवा. किरण शरीरात शिरतात ते अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवत. उडालेला इलेक्ट्रॉन पुढच्यांना धक्के देतो, ते आणखी पुढच्यांना. शेवटी हजारो दमलेले, मंद इलेक्ट्रॉन फिरत राहतात. त्यांची शक्ती इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. एका व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉन जेवढी शक्ती कमावतो, ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

आता वरणाकडे वळू. तूरडाळीतली प्रथिनं अमिनो आम्लांच्या माळा असतात. त्यांतलं सर्वांत साधं अमिनो आम्ल म्हणजे ग्लायसिन. पांढरी, गोडसर भुकटी. रेणूत अवघे दहा अणू. शास्त्रज्ञांनी ही भुकटी निर्वात भांड्यात तापवून तिची वाफ केली आणि त्या वाफेवर मंद इलेक्ट्रॉन सोडले. सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टलाच रेणूतला एक हायड्रोजन गळून पडला!

पण थांबा, इथे हिशेब चुकतोय. तो हायड्रोजन तोडायला चारपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सव्वा रुपयात चार रुपयांची वस्तू कोण देईल? गंमत अशी, की उरलेल्या तुकड्याला इलेक्ट्रॉनची भारी हाव असते. इलेक्ट्रॉन त्याला चिकटला की तीनपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. त्यातून बाकीची किंमत भागते.

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' असं आपण योगायोगाला म्हणतो. इथे मात्र योगायोग नाही, कावळ्यानेच फांदी मोडली. तो धडक मारत नाही, नुसता येऊन बसतो. आणि वेग नेमका हवा, बरं का! जास्त जोरात आलेला कावळा त्या फांदीवर टेकतच नाही, सरळ निघून जातो.

ही नेमकेपणाची गोष्ट आपल्या मुंबईतही तपासली गेली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. कृष्णकुमार, वैभव प्रभुदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं, की कोणता बंध तुटावा हे इलेक्ट्रॉनची शक्ती बदलून ठरवता येतं. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल घ्या. सात-आठ इलेक्ट्रॉन-व्होल्टला ऑक्सिजनकडचा हायड्रोजन सुटतो, नऊच्या आसपास कार्बनकडचा. अमिनो आम्लांतही असेच ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बनला धरून बसलेले हायड्रोजन असतात. म्हणून हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आणि आजीची गाठ? २००० साली कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे मंद इलेक्ट्रॉन डीएनएचे धागेही तोडतात. तोवर एवढ्या कमी शक्तीचे इलेक्ट्रॉन निरुपद्रवी समजले जात. शेकाने कर्करोगाच्या पेशी मरतात त्यात या इलेक्ट्रॉनांचाही वाटा असावा. पाण्याचे रेणू फुटून तयार होणारे तुकडेही डीएनएवर हल्ला चढवतात.

मी हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मुलगी आजीचा प्रश्न घेऊन हजर! "आजी विचारते, कावळ्याला चांगली फांदी कळते का?" नाही कळत. म्हणून तर किरण वेगवेगळ्या बाजूंनी गाठीवर रोखतात, आणि रोज थोडा थोडा शेक देतात. मधल्या वेळात चांगल्या पेशी आपले तुटलेले धागे बऱ्याच अंशी सांधून घेतात. आजीच्या गळ्याची कातडी काळवंडली होती, ती का, तेही मग तिला समजलं.