चिन्ह मालाचे की पाटीचे?

'कोल्हापुरी' या नावाखाली देशभर जे विकले जाते, त्यातील बरेचसे कोल्हापूर तर सोडाच, पंचगंगेच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नसते. कृत्रिम चामड्याचे, यंत्रावर साच्याने कापलेले आणि डिंकाने चिकटवलेले ते जोड पाहताक्षणी 'कापशी' वाटतात. खऱ्या चपलेचे कातडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावतात, तिचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात. तिला खिळा लागत नाही. हा फरक हाताला कळतो, पाटीला कळत नाही. आणि गिऱ्हाईक वाचते ती पाटीच!

याच कारणासाठी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणी महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. क्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. मानांकनाचे बोधचिन्ह केंद्र सरकारने 2018 साली प्रसृत केले. ते नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते यांच्या मालासाठी आहे. मधल्या विक्रेत्याने कोठूनही माल आणावा आणि ते चिन्ह दुकानाच्या दर्शनी भागी किंवा आपल्या खोक्यावर छापून मोकळे व्हावे, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रामाणिक दुकानदारही यात नाडला जातो, कारण त्याच्या खऱ्या जोडाची किंमत शेजारच्या नकली जोडाशी ताडून पाहिली जाते.

गुजरीतल्या सोनाराची गोष्ट येथे उद्बोधक आहे. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सक्तीखाली येणाऱ्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असावा लागतो आणि तो गिऱ्हाइकाला भ्रमणध्वनीवर पडताळता येतो. तेथे शुद्धतेची साक्ष पेढीची पाटी देत नाही, दागिनाच देतो. चपलेसाठीही महाराष्ट्राच्या महामंडळाने 2025 मध्ये क्यूआर संकेताची योजना पुढे आणली. दिशा योग्य आहे. मात्र तो संकेत जोडागणिक हवा. गठ्ठ्याने छापून वाटला, तर तोही चिन्हाच्याच वाटेने जाईल.

कायदा दुबळा नाही. 1999 च्या अधिनियमात खोट्या वापरासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. अडते ते फिर्यादीपाशी. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे मांडली, तेव्हा केवढा गहजब झाला! परंतु मुंबई उच्च न्यायालयापुढे गेलेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. हक्क ज्यांच्या नावे नोंदलेला आहे त्यांनी दाद मागावी, असाच त्या निर्णयाचा रोख होता. परदेशी कंपनीबाबत जे खरे, ते गल्लीतल्या खोक्याबाबतही खरे आहे. दिवसभर वादी ओढणाऱ्या कारागिराने बनावट जोड हुडकीत बाजारोबाजार हिंडावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. नोंदणी महामंडळांच्या नावे आहे. तेव्हा बाजारातून जोड विकत आणून तपासणे आणि फिर्याद गुदरणे, हे काम त्यांच्या कचेऱ्यांतूनच सुरू झाले पाहिजे.